नववा हात

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी ब्रिटनची शासनपद्धती शिकवतो. परीक्षा तोंडावर आली की शेवटच्या आठवड्यात घाईघाईनं त्यात स्कॉटलंड येतं. स्कॉटलंड मी पाहिलेलं नाही. विमानतळ म्हणून चिकलठाण्याचा पाहिलाय, तोही बाहेरून. तरी तिथलं अल्पमतातलं सरकार अर्थसंकल्पाच्या वेळी एखाद्या छोट्या पक्षाला काहीतरी देऊन मतं कशी जमवतं, आघाडीचे करार कसे होतात आणि कसे मोडतात, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. स्वतंत्र व्हायचं का, यावर तिथं सार्वमत झालं, कौल ‘नाही’ आला, तरी वाद काही मिटला नाही. पुन्हा सार्वमत घ्यायचं तर लंडनची परवानगी लागते. म्हणजे वेगळं व्हायचं की नाही, हे ज्यांच्यापासून वेगळं व्हायचं त्यांनाच विचारायचं. हे वाक्य आलं की पोरं हसतात. पूर्वी त्यांना हसायला मी मुद्दाम थांबायचो. पाच वर्षं झाली, आता थांबत नाही.

आमची वाडी पैठण तालुक्यात. मूळ गाव नाल्याच्या पलीकडं, वाडी अलीकडं, आणि ग्रामपंचायत दोघांची मिळून एकच. रेशन दुकान पलीकडं, दाखले पलीकडं, ग्रामसेवक पलीकडं. पावसाळ्यात नाला भरला की वाडीतल्या माणसाला आपण जिवंत आहोत याचा दाखलासुद्धा मिळत नाही. वाडीला स्वतःची ग्रामपंचायत पाहिजे, ही मागणी माझ्या लहानपणापासूनची. पण त्यासाठी आधी ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि ग्रामसभेत गावाची डोकी जास्त. वर्गात स्कॉटलंड शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर कायम हा नालाच असायचा.

पाच वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत माझी आई उभी राहिली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आई धाकट्या भावाकडं वाडीत राहायची. जागा महिलेसाठी राखीव निघाली, वाडीतल्या बायकांनी तिला पुढं केलं, आणि ती अपक्ष म्हणून निवडून आली. एकूण सदस्य नऊ. एका पॅनलचे चार, दुसऱ्या पॅनलचे चार, आणि नववी माझी आई. त्या वेळी सरपंच सदस्यांमधूनच निवडायचा होता. निकालाच्या संध्याकाळीच दोन्ही पॅनलची माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसली. एरवी ती माणसं आमच्या ओट्याकडं बघतसुद्धा नसत.

आईनं दोघांनाही एकच सांगितलं. “मला नको काय. वाडी येगळी करायचा ठराव मांडा, तुमचे मानसं हात वर करतील असं बघा. जो करील त्याला माझा हात.”

एका पॅनलच्या प्रमुखानं पांडुरंगाच्या फोटोवर हात ठेवला. आई त्याच्याकडं गेली. मला त्या क्षणी तिचा भारी अभिमान वाटला होता, हे कबूल करतो. वीस वर्षं मी जे फळ्यावर लिहीत होतो, ते तिनं पुस्तकातलं एक अक्षर न वाचता करून दाखवलं होतं.

मग सहल आली. आमच्याकडं सरपंचाच्या निवडीआधी सदस्यांना सहलीला नेतात, म्हणजे समोरच्या पॅनलनं फोडू नये म्हणून लांब नेऊन ठेवतात. गाडी दारात येते, सगळ्यांचे फोन एका पिशवीत जमा होतात, आणि ती पिशवी प्रमुखाच्या मांडीवर राहते. बाईमाणूस सदस्य असेल तर घरातला एक पुरुष सोबत नेता येतो. कॉलेजातून रजा काढून मी गेलो. शिकलेला माणूस, शब्दाचा पक्का, म्हणून माझा फोन तेवढा माझ्याजवळ राहू दिला. गाडीत सगळे मला सर म्हणत होते. मला ते आवडत होतं.

आम्हाला कोकणात नेलं. आईनं समुद्र पहिल्यांदाच पाहिला. पहिल्या दिवशी ती लांबूनच बघत राहिली. दुसऱ्या दिवशी चपला काढून पाण्यात गेली, काठ भिजला तरी मागं सरली नाही. मी वाळूत उभा होतो, तेवढ्यात फोन आला. मावसभाऊ होता. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, वैजापूरला दिलेली. तिला औरंगाबादला दवाखान्यात आणलं होतं. आमच्या तोंडी शहराचं जुनंच नाव बसलंय.

“दादा, आई सारखी तुझ्या आईलाच इचारती,” तो म्हणाला. “आजच्या आज घेऊन ये.”

मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. आई पाण्यातून बाहेर आली, साडीचा काठ पिळत म्हणाली, “आक्काला आणायला पायजे एकदा. तिनं बी कुठं बघितलाय.”

मी म्हणालो, “आणू.”

प्रमुखाला मी बाजूला घेऊन सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं नीट ऐकलं, आणि खालच्या आवाजात बोलला. “सर, काकूंना तिथं नेलं की समोरचे दवाखान्याच्या दारातूनच उचलत्यात. मग मी बी संपलो आन् तुमची वाडी बी. दोन दिवसांचा सवाल हाय. पण आई तुमची, तुम्ही ठरवा.”

मी ठरवलं. मावशी त्याआधी दोनदा अशीच दवाखान्यात जाऊन घरी परत आली होती. तिसऱ्यांदाही येईल असं मी धरलं. तसं धरणं सोयीचं होतं. मावसभावाचा संध्याकाळी फोन आला, मी सांगितलं, “निघालोय.” सकाळी आला, मी सांगितलं, “रस्त्यात आहोत, घाटात गाडी बंद पडलीय.” हे सगळं मी हॉटेलच्या गॅलरीत उभा राहून बोललो. खाली आई इतर बायांबरोबर शंख-शिंपले निवडत बसली होती.

दुपारी पुन्हा फोन आला. मावशी गेली होती. मावसभाऊ रडत नव्हता, फक्त विचारत होता, कुठवर आलात, किती वेळ थांबू. निवड दुसऱ्या दिवशी होती. मी म्हणालो, “थांबू नका. आम्हाला उशीर होईल.”

मला तेव्हा काय वाटलं, हे मी बरेचदा आठवून पाहिलंय. काही वाटलं नाही. फोन खिशात ठेवला, जेवायला बोलावलं म्हणून जेवायला गेलो. माशाचं कालवण होतं आणि ते चांगलं झालं होतं, एवढं लक्षात आहे. आईनं तिच्या ताटातली भाकरी मला वाढली. परतीच्या प्रवासात ती खिडकीला डोकं टेकून झोपली, आणि मी तिच्या मांडीवरच्या शिंपल्यांच्या पुडीकडं बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी गाडी थेट ग्रामपंचायतीच्या दारात लागली. तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यानं आमच्या प्रमुखाचं नाव पुकारलं, चार हात वर गेले, मग आईचा पाचवा. खरं तर नववा, कारण मोजणारे सगळे तिच्याच हाताकडं बघत होते. बाहेर हलगी सुरू झाली. मी आईला कार्यालयाच्या मागं, टाकीजवळ नेलं आणि सांगितलं.

“कधी?” तिनं विचारलं.

“काल दुपारी.”

“अन् तुला कवा कळलं?”

मी सगळं सांगितलं. पहिल्या फोनपासून. ती ऐकत होती. कपाळावर कुणीतरी गुलाल लावला होता, तो तिनं पदरानं पुसला, एकदा, दोनदा, आणि मग पुसतच राहिली. मला वाटलं आता ती मला मारील. मारायला पाहिजे होतं. ती म्हणाली, “गाडी बघ वैजापूरची.”

वैजापूरला मावशीच्या घरात सतरंजीवर माणसं बसलेली होती. आई आत गेली, रडली, आणि मग सगळ्यांसमोर मावसभावानं तिला विचारलं. “मावशी, मी इतके फोन केले. दादानं सांगितलं नाय का तुला?”

मी दारात उभा होतो. तोंड उघडायला वेळ होता, भरपूर होता. आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“सांगितलं की,” ती म्हणाली. “मलाच येता नाय आलं. मतदान होतं.”

कुणीतरी एक बाई “अगंबाई” म्हणाली. मावसभाऊ उठून बाहेर गेला. मी मूग गिळून उभा राहिलो आणि तसाच आजपर्यंत उभा आहे. पुढं त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा पत्रिका औरंगाबादला, मुकुंदवाडीच्या माझ्या पत्त्यावर आली, माझ्या नावानं. आईला आली नाही. मी वाडीत गेलो तेव्हा आईनं ती माझ्या हातातून घेतली, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, “जाऊन ये. आहेर चांगला कर.” मी जाऊन आलो.

वाडीच्या ठरावाचं काय झालं, तर नव्या सरपंचानं ग्रामसभा बोलावली आणि त्याचीच माणसं आली नाहीत. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब. पुन्हा बोलावली, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा आईनं जाऊन त्याला सांगितलं की आजपासून माझा हात तुझा नाही. त्यानं वाईट वाटल्यासारखं केलं, पण खुर्ची हलली नाही. सरपंचावर अविश्वास आणायचा तर नवातले पाच पुरत नाहीत, जास्त लागतात, आणि तेवढे कधीच जमले नाहीत. राहिला तो चारांच्या जोरावर बसून. अल्पमतातलं सरकार. मी ते वर्गात नेमकं कसं चालतं हे शिकवत होतो आणि आई ते चालवत होती.

कारण तिनं नंतर कुणाशीच कायमची सोयरीक केली नाही. प्रत्येक मासिक सभेला ती नाला ओलांडून जायची आणि सरपंचाला एखादा विषय मंजूर करून घ्यायचा असला की आधी विचारायची, वाडीचं काय? एका हाताच्या बदल्यात अंगणवाडीची खोली. एका हाताला नाल्यात मोठ्या नळ्या टाकून केलेला रस्ता. एका हाताला महिन्यातून एक दिवस रेशनची गाडी वाडीत. वाडी वेगळी झाली नाही. पण पावसाळ्यात दाखला मिळतो. वाडीतले लोक तिला मानतात. पोरं तिला ‘नववा हात’ म्हणतात, ती हसते.

फोन मात्र ती कुणाच्या हातात देत नाही. सभेतसुद्धा तो तिच्या मांडीवर असतो, मोठ्या आवाजावर, आणि पहिल्याच घंटीला ती उचलते. मी केला तरी तसाच उचलते. “हां, काय झालं?” मी म्हणतो, काही नाही, सहज. मग ती जेवलास का विचारते. त्या टाकीजवळच्या बोलण्याबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. मी क्षमा मागितली नाही. मागायची ठरवली की मी दुसरंच काही विचारतो, कापूस किती झाला वगैरे.

या दिवाळीला आई माझ्याकडं आली होती. पंचायतीची मुदत संपत आलेली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वाडीतली चार माणसं फ्लॅटवर आली. फराळाचं खाऊन झालं आणि मुद्द्यावर आले. काकूंनी पुन्हा उभं राहावं. या खेपेला तीन पॅनल होणार, कुणालाच बहुमत मिळणार नाही, सरपंच आता थेट लोकांतून, पण उपसरपंच सदस्यांतूनच निवडायचा, म्हणजे सहल होणारच. आपल्या वाडीचा हात आपल्याला पाहिजे. एकजण माझ्याकडं वळून म्हणाला, “सर हायेतच सोबतीला. मागल्या बारीला सरांमुळंच निभलं.”

आई माझ्या कपात चहा ओतत होती. काठोकाठ भरेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

“उभी राहीन की,” ती म्हणाली. “पण ह्याला नाय नेणार. धाकला यील संगं. ह्याचं कालेज असतं.”

“बरोबर,” ती माणसं म्हणाली. भिंतीवर कॉलेजचंच कॅलेंडर लटकत होतं, सुट्ट्यांवर लाल खुणा केलेलं. सुट्ट्या अजून संपल्या नव्हत्या. सगळ्यांनी ते पाहिलं असेल. आईनं कप माझ्यापुढं सरकवला. म्हणाली, “घे, निवंल.” मी घेतला.