अक्कांच्या मोबाइलातले फोटो

"पोरीला इचारलं का?" लग्नाचा बायोडाटा करून घ्यायला कुणी बाप मुलीचा फोटो घेऊन आला, की अक्का चष्मा कपाळावर ढकलून आधी हेच विचारायच्या. बाप गडबडायचा. "तिला काय इचारायचं?" म्हणायचा.

"मग तिलाच घेऊन या. फोटो तिचा हाय," असं म्हणून अक्का पुढच्या बाईच्या हातात बांगड्या भरायला लागायच्या.

कंधारच्या बसस्टँडजवळ त्यांचं बांगड्यांचं दुकान आणि समोर माझं फ्लेक्स छपाईचं. शिक्षण सातवी, पण मोबाइलवर बायोडाटा असा सजवायच्या की मुलाकडचे मुलीच्या आधी वरच्या गणपतीलाच पसंत करत. तुमच्याही गावात असेल अशी एखादी.

डिझाइनचं ॲप फुकट वापरलं की त्याचा शिक्का बायोडाटावर यायचा. "गणपतीच्या पोटावर ह्यो कशाचा ठप्पा?" म्हणून अक्का चिडायच्या. तो काढायचा तर वर्गणी भरावी लागते. मी शहाणा पुढे झालो. त्याच ॲपची कुणीतरी आतून बदललेली फाइल माझ्याकडे होती, पैशाचं सगळं फुकट उघडणारी. ती त्यांच्या मोबाइलमध्ये टाकली. तिनं फोटो, मेसेज, नंबर सगळं पाहायची परवानगी मागितली. मी न वाचता 'होय, होय' दाबत गेलो. आम्ही फ्लेक्सवाले सगळेच असं करतो, पण हे काही कारण झालं नाही.

दोन महिन्यांनी पाच मुलींना अनोळखी नंबरवरून त्यांचेच फोटो आले, नको तसे बदललेले. पैसे द्या, नाहीतर नातेवाइकांना पाठवू, अशी धमकी. मूळ फोटो अक्कांनी केलेल्या बायोडाटातले होते. अक्कांनी मला सोबत घेतलं आणि नांदेडचं सायबर ठाणं गाठलं. तिथल्या मॅडमनी मोबाइल तपासून घेतला. ॲप बनावट होतं, मोबाइलातलं सगळं बाहेर पाठवत होतं.

"हे कुणी टाकून दिलं?" मॅडमनी विचारलं.

"मोबाइल माझा हाय," अक्का म्हणाल्या. मी शेजारीच बसलो होतो आणि फरशीकडे बघत होतो.

गावात सल्ला एकच होता: गप्प बसा, पोरींची बदनामी होईल. अक्का भडकल्या. "पोरींनी काय चोरी केली? चूक माझी हाय, बदनामी माझी होऊ द्या." दुसऱ्या दिवशी त्या मजकूर घेऊन माझ्याकडे आल्या. वर त्यांचा स्वतःचा फोटो, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नेत्याचा असतो तेवढा. खाली लिहिलेलं: 'मी मोबाइलात फुकटचं बनावट ॲप वापरलं. त्यातून तुमच्या लेकींचे फोटो चोरीला गेले. घाण फोटो आला तर तो खोटा आहे. पैसे देऊ नका. जाब मला विचारा.'

"अक्का, दुकान बसंल तुमचं," मी म्हणालो. खरी भीती मला माझी वाटत होती.

"छापतूस का लातूरला जाऊ?"

छापला. चौकात लावला. संध्याकाळपर्यंत कुणीतरी फाडला. सकाळी अक्का हजर. "दुसरा काढ. जरा मोठा." तीनदा फाडला, चारदा लागला. बायका बांगड्या भरायला दुसरीकडे जाऊ लागल्या. अक्का रिकाम्या दुकानात ताठ बसून राहायच्या. मला त्यांचा राग यायचा, कारण त्या एकदाही माझ्याकडे बोट दाखवत नव्हत्या.

मग एक मुलगी त्यांच्याकडे आली, मग दुसरी. शेवटी पाचही जणी त्यांच्यासोबत नांदेडच्या बसमध्ये बसल्या आणि आपापली तक्रार देऊन आल्या. त्यातल्या एकीचं ठरलेलं लग्न मोडायला पाहुणे आले, तेव्हा अक्का न बोलावता तिथं जाऊन बसल्या. "फोटो खोटा हाय, पोरगी खरी हाय. तुमाला कोणती पायजे?" पाहुण्यांनी चहा घेतला. लग्न झालं.

या हिवाळ्यात चार दिवसांच्या तापानं अक्का गेल्या. मला त्यांची फार आठवण येते, आणि आठवण आली की लाजही वाटते.

गेल्या आठवड्यात मी एकटा नांदेडला गेलो. त्याच मॅडमसमोर बसलो. "ते ॲप मी दिलं होतं. लिहून घ्या."

त्यांनी कागद चाळले. "त्या बाईंनी तर जबाबात सगळं स्वतःवर घेतलंय. आता त्या गेल्या म्हणता. मग कशाला?"

"त्या गेल्या. मी हाय की अजून," मी म्हणालो आणि सहीसाठी पेन मागितलं.