स्लॅबचे वय

ती घटना आठवली की मला आधी माझी चूक आठवते, आणि मग एका मुलीची वही.

तेव्हा मी सोलापुरात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यासाठी गोदाम बांधले जात होते. एका दुपारी त्याचा स्लॅब कोसळला. जेवणाची सुट्टी होती, माणसे बाहेर लिंबाखाली बसली होती, म्हणून वाचली. पाण्याची कळशी आणायला आत गेलेल्या एका मजूर बाईचा पाय मात्र दोन ठिकाणी मोडला.

पंचनामा झाला, निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. ठेकेदाराने न मागता कामाची नोंदवही आणून माझ्या टेबलावर ठेवली. स्लॅब पंधरा दिवसांपूर्वी टाकल्याची नोंद तिच्यात होती.

"साहेब, टेकू चौदा दिवस ठेवायचे असतात. आम्ही पंधरा ठेवले," तो म्हणाला. "तरी स्लॅब पडला, म्हणजे मिस्त्रीने सिमेंटची पोती बाहेर विकली आणि माल कच्चा केला."

इस्त्रीचे कपडे, नीटनेटकी नोंदवही, नम्र बोलणे. मला पटले. मिस्त्री अक्कलकोटकडचा, पन्नाशीचा. घाबरला की मराठी सोडून कानडीत शिरायचा. स्लॅब सहाच दिवसांचा होता आणि ठेकेदाराने सांगितले म्हणून टेकू काढले, असे तो सांगत होता. मजुरांना विचारले तर, "आमाला तारीख ठावं न्हाय." त्यांची चूल ठेकेदाराच्या जिवावर पेटत होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवे होते. मी मिस्त्रीला अटक केली. कोर्टाने दोन दिवसांची कोठडी दिली.

"तीस वर्सं स्लॅब टाकतुया साहेब, एक बी पडला न्हाय," तो गजाआडून म्हणाला. "आता मला चोर म्हनत्याल. कोन काम देईल मला?"

आरोपी असेच बोलतात, असे म्हणून मी जेवायला गेलो.

परत आलो तर ठाणे अंमलदार बाईंनी स्टेशन डायरीतली नोंद दाखवली. एका तरुण मुलीचा फोन आला होता. 'मिस्त्री खरं बोलतायत. स्लॅबचं वय नीट तपासा,' एवढेच सांगून तिने फोन ठेवला होता. बाई हुशार. त्यांनी खाली लिहून ठेवले होते, 'पाठीमागे एसटी स्टँडवरची मोहोळ गाडीची घोषणा ऐकू आली.'

मी साइटवर गेलो. वॉचमनला विचारले, मोहोळचे इथे कोण आहे?

"कालेजची पोरगी यायची की. वही घिऊन. लई प्रश्न इचारायची. स्लॅब पडल्यावर ठेकेदारानं तिला येऊ नको म्हनून सांगितलं."

ही मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतली इंटर्नशिप करायला रोज एसटीने येत होती. मी अंमलदार बाईंना घेऊन साध्या कपड्यांत तिच्या घरी गेलो. मुलगी दाराआड उभी राहिली. वडीलच बोलले.

"साहेब, ठेकेदाराचा फोन आलाय. तोंड उघडलं तर सर्टिफिकेट देनार न्हाय म्हंतो. त्याच्याबिगर तिचं वरीस जातंय की."

मी जबरदस्ती केली नाही. उठता उठता एवढेच म्हणालो, "मिस्त्री कोठडीत आहे."

मुलगी पुढे आली. "कोठडीत? सर, मला नकाशावरून सळई कशी बांधायची ते त्यांनीच शिकवलं. माझ्या प्रश्नांना दुसरं कुणी उत्तरच देत नव्हतं." तिने वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, "आन जा तुजी वही."

वहीत रोजचे काम लिहिलेले होते. स्लॅब टाकल्याचे पान तो कोसळण्याच्या सहा दिवस आधीचे होते. पण ती वही मागाहून लिहिली, असे ठेकेदार सहज म्हणू शकला असता. म्हणून त्याच्या नोंदवहीतली तारीख मी मुलीच्या वहीत शोधली. त्या पानावर चारच ओळी होत्या: 'आज अमावस्या. काम बंद असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मोहोळहून आले तर साइटवर एक कुत्रं. अर्धा दिवस वाया.'

मला हसू आले आणि लगेच थांबले. आमच्या भागात गवंडी, सेंट्रिंगवाले अमावस्येला काम करत नाहीत. स्लॅब टाकणे तर लांबच. ठेकेदार चौदा दिवस भरावेत म्हणून बोटांवर मागे मोजत गेला होता आणि नेमका अमावस्येवर जाऊन थांबला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून चहा पाजला. स्लॅब टाकला त्या दिवशी किती माणसे होती? पंचवीस. मिस्त्री? सकाळी सातपासून हजर. सगळे जबाबात घेतले, त्याची सही घेतली. मग शिपायाला भिंतीवरचे कॅलेंडर उतरवायला सांगितले आणि त्या तारखेवर बोट ठेवले.

"पंचवीस माणसं अमावस्येला कुठून आणली?"

"गडबडीत तारीख चुकली असेल, साहेब."

"मग बरोबर तारीख सांगा."

त्याने पाणी मागितले. अर्ध्या तासाने सगळे सांगितले. टेकू आणि सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा त्याला दुसऱ्या साइटवर तातडीने हव्या होत्या, म्हणून सहाव्याच दिवशी काढायला लावल्या होत्या. ही बातमी पसरली तशी मजुरांनाही तारीख आठवू लागली.

मिस्त्रीला सोडण्याचा अहवाल मी स्वतः कोर्टात नेला आणि त्याची माफी मागितली.

"तुमी तरी काय करनार साहेब," तो म्हणाला, "त्याची वही लई झ्याक हुती."

तो चिडला असता तर बरे वाटले असते. कागद नीट आणि कपडे स्वच्छ असले की मी निम्मा तपास संपवून टाकत होतो, हे त्या एका वाक्याने मला दाखवले. पुढच्या नोकरीत अडखळणाऱ्या माणसाचे म्हणणे मी आधी ऐकत गेलो.

राहिली मुलगी. सर्टिफिकेट गेलेच, आणि वही मुद्देमालात जप्त, त्यामुळे कॉलेजात दाखवायलाही काही नाही. मी वहीच्या प्रमाणित नकला काढल्या, प्रत्येक पानावर ठाण्याचा गोल शिक्का मारला आणि सोबत पत्र दिले. कॉलेजने तोच तिचा अहवाल म्हणून स्वीकारला. माझ्या नोकरीत मला पदकही मिळाले, पण मला खरा अभिमान त्या शिक्क्यांचा वाटतो.

निवृत्तीनंतर मी घर बांधायला काढले. तोवर ती मुलगी इंजिनिअर झाली होती; काम तिच्याकडे आणि सेंट्रिंग त्याच मिस्त्रीकडे. वास्तुशांतीची तारीख जवळ आली होती, म्हणून मी म्हणालो, "टेकू काढून टाका आता."

तिने वही उघडली. "सर, स्लॅबचं वय किती?"

"नऊ दिवस," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"मग चौदा भरल्यावर बोलू."

"आन् पंधराव्या दिशी अमावस्या हाय, साहेब," मिस्त्री वरून ओरडला. "सोळाव्या दिशी काढू!"

वास्तुशांत पुढे ढकलली. पाहुण्यांना फोन करून कारण सांगताना माझी मान ताठ होती.