शिंगांवरचा जुना रंग

म्हातारीच्या बत्तीस शेळ्यांची शिंगं रंगवलेली होती. ज्या एकमेकींना चिकटून चरतात, चिकटून बसतात, त्यांना एक रंग. एक टोळी तांबडी, एक पिवळी. कोणाचं कोणाशी जमतं, हे तिला तोंडपाठ होतं आणि त्याचा तिला ताठाही होता.

त्या सकाळी तांबड्या शिंगांची लंगडी धापा टाकत आडवी पडली. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला वेगळं बांधलं. "हा आजार श्वासातून पसरतो. या आठवड्यात हिच्या अंगाला अंग लावून बसलेल्या सगळ्या अलीकडच्या कप्प्यात, बाकीच्या पलीकडे. एक जरी चुकून पलीकडे गेली, तर गोठा रिकामा होईल."

"मग तांबड्या अलीकडे. झालं," म्हणत म्हातारी फाटकाकडे वळली.

सुनेनं फाटक धरून ठेवलं. कोण कोणाशेजारी बसलं, ते ती रोज संध्याकाळी वहीत लिहायची. सासू त्याला रिकामटेकडा उद्योग म्हणायची.

"आई, थांबा. हा रंग कधीचा?"

"उन्हाळ्यातला. उडालाय का कुठं?"

"रंग तसाच आहे. शेळ्या तशा नाहीत राहिल्या."

"मोज मग तुझी वही."

सुनेनं पहिल्या पानापासून मोजलं. लंगडीशेजारी तांबड्याच जास्त.

"बघ. वहीसुद्धा माझ्याच बाजूची."

"तीन महिने एकत्र मोजले म्हणून. लंगडीचं करडू गेलं आणि तिनं टोळी सोडली. आता शेवटची सातच पानं बघा."

सात पानांत तांबड्या दोनच. पिवळ्या पाच, आणि त्यांतली चांदी तर रोज, न चुकता.

म्हातारीचा हात फाटकावरच राहिला. चांदीला तिनं बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. आता ती गाभण होती.

"चांदी पिवळी आहे," ती कोरड्या आवाजात म्हणाली.

"पिवळीच आहे. बसते मात्र लंगडीजवळ."

डॉक्टर घड्याळ बघत होते. म्हातारीनं नाही म्हटलं असतं, तर वही मिटली असती. पण चारा टाकताना त्या दोघी तिला रोज शेजारी दिसल्या होत्या. शिंगं बघून तिनं डोळ्यांवर विश्वास ठेवला नव्हता.

तिनं चांदीचा कान धरला आणि तिला स्वतः अलीकडे नेलं. मागोमाग बाकीच्या चार पिवळ्या, त्या दोन तांबड्या. उरलेल्या पलीकडे गेल्या आणि मधलं फाटक लागलं.

म्हातारी चांदीजवळ उकिडवी बसली. नखानं तिच्या शिंगावरचा पिवळा रंग खरवडू लागली.

"वहीत कोरं पान काढ," ती मान वर न करता सुनेला म्हणाली. "संध्याकाळी मी सांगते, तू लिही."