वरणाच्या रंगाचं आकाश

सुधन्वा पेंढारकर आणि चंद्रप्रभाबाई यांची पहिली भेट झाली तेव्हा दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातली कबुतरं जी उडाली, ती थेट शहराबाहेर मानेसरला जाऊन उतरली. बाईंचा आवाज तिथल्या कारखान्यापर्यंतही पोचला आणि भोंगा झाला असं समजून कामगारांनी जेवणाचे डबे उघडले. रिंग रोडवर एका बसने सिग्नल नसताना ब्रेक मारला. आणि एवढं सगळं घडलं ते सुधन्वाने एक खडू उचलला म्हणून.

दर रविवारी सकाळी कॉलनीच्या समाजसदनात बाईंचा चित्रकलेचा वर्ग भरत असे. सुधन्वा आपल्या नऊ वर्षांच्या गिरिजाला न्यायला आला, तो जरा लवकरच आला. पोरीच्या कागदावर एक हत्ती होता. त्याची सोंड सुधन्वाला फार बारीक वाटली. सुधन्वा केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. खालून आलेल्या मसुद्यात दुरुस्त्या करून तो वर पाठवणं हेच त्याचं पोटापाण्याचं काम. हात आपसूक पुढे गेला आणि राखाडी खडू सोंडेवर टेकणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"हत्ती तुम्ही काढलाय का?"

बाईंची उंची जेमतेम पाच फूट. पण सुधन्वाला त्या कुतुबमिनारच्या तिसऱ्या मजल्यावरून बोलताहेत असं वाटलं.

"नाही, म्हणजे सोंड जराशी..."

"तुमच्या ऑफिसात येऊन मी तुमच्या सहीला शेपूट काढू का?"

"नको."

"मग ठेवा तो खडू. माझ्या वर्गात मोठ्या माणसाचा हात पोराच्या कागदाला लागत नाही. आईचा नाही, बापाचा नाही, माझासुद्धा नाही."

"बिल्कुल," असं म्हणून सुधन्वाने खडू ठेवला. तेव्हापासून समाजसदनात पाऊल टाकताना तो दोन्ही हात पाठीमागे बांधून यायचा. नवीन पालकांना वाटायचं, याला पोलिसांनी धरून आणलंय.

बाईंना राग यायचा, हे म्हणणं बरोबर नाही. राग त्यांच्याकडे राहायलाच होता. अधूनमधून शांतता पाहुणी म्हणून येऊन चहा घेऊन जायची. यजमान सैन्यात सुभेदार, त्यामुळे निम्मा जन्म छावण्यांत गेला. पुढे दिल्लीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आल्या. एका छावणीतली गोष्ट त्या नेहमी सांगायच्या. मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून दगडांना गेरू, झाडांना चुना आणि वाळलेल्या गवताला पंपाने हिरवा रंग मारला होता. ते गवत शेजारच्या म्हशीने खाल्लं. "साहेब 'व्हेरी ग्रीन' म्हणून निघून गेले," बाई सांगायच्या, "आणि ती बिचारी आठवडाभर हिरवं शेण टाकत होती. यजमानांना हसू आवरेना. मला रडू येत होतं. म्हैस माझ्या ओळखीची होती."

अशा बाईंच्या डोक्यात गेल्या हिवाळ्यात एक कल्पना आली. पोरांची चित्रं समाजसदनाच्या भिंतीवर कोंडून ठेवायची नाहीत. ती बाहेर लावायची, आणि जिथलं चित्र तिथेच. इस्त्रीवाल्याचं चित्र त्याच्या कडुनिंबाखाली, टाकीवरच्या माकडांचं टाकीपाशी, भाजीबाजाराचं भाजीबाजारात. पोरांनी पत्र्यांवर ऑइल पेंटने चित्रं काढली. अर्धा रंग पत्र्यांवर गेला, उरलेला स्वेटरांवर.

गिरिजाने बसस्टॉप काढला. विषारी हवेमुळे शाळा बंद होत्या तेव्हाचे ते दिवस. बसस्टॉपवर तोंडाला फडकी बांधलेली माणसं आणि वर भरगच्च पिवळट आकाश.

"बाबा, आकाशाला वरणाचा कलर दिलाय. बघ ना, फोडणी पण आहे. त्या घारी आहेत ना, ती मोहरी."

सुधन्वाचे हात पाठीमागेच होते. बाई त्या पत्र्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि "हं" म्हणाल्या. याच्या वरचं बक्षीस बाईंकडे नव्हतं.

"तुम्ही सरकारी माणूस," त्या सुधन्वाला म्हणाल्या, "परवानगीचं तुम्ही बघा. पण आधी या पोरांसमोर शब्द द्या. लावलेल्या चित्राला कुणी हात लावणार नाही."

"दिला, बाई," सुधन्वा म्हणाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गिरिजाने तर बापाकडे असं पाहिलं, जणू तोच पंतप्रधान.

परवानगी सुशोभन समितीचे भाटियासाहेब देणार होते. त्यांनी चहा पाजला, 'व्हेरी गुड' म्हटलं आणि परवानगी दिली. चित्रं लागली. बसस्टॉपवरच्या पत्र्याचं आकाश आणि मागचं खरं आकाश इतकं एकसारखं होतं की पत्रा कुठे संपतो ते कळत नसे. लोक थांबून हसायचे आणि मग थोडं खोकायचे.

मग परदेशी पाहुणे येणार असं ठरलं आणि भाटियासाहेबांचा फोन आला. साहेबांचा फोन सुधन्वा घरातसुद्धा उभा राहून घेतो.

"पेंढारकरजी, बाकी सब बढिया है. बस, ये आसमान थोडा निगेटिव्ह लग रहा है. ब्लू करवा दें?"

'नाही' हा शब्द सुधन्वाच्या जिभेवर तयार होता. पण एवढ्या वर्षांच्या नोकरीने त्या जिभेवर डांबरी रस्ता झालेला, आणि त्यावरून एकच गाडी धावते. तीच धावली.

"जैसा आप उचित समझें, सर."

या वाक्याला सरकारी कचेरीत काहीही अर्थ नसतो. ते फोन खाली ठेवायच्या आधी म्हणायचं असतं, जेवणानंतर ढेकर द्यावा तसं. पलीकडचा साहेबही ते ऐकून काही करत नाही आणि विषय सुखाने मरतो. सुधन्वालाही वाटलं, मेला. पण साऱ्या सरकारात हे वाक्य मनापासून ऐकणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका भाटिया निघाला.

रविवारी सकाळी सुधन्वा आणि गिरिजा बसस्टॉपपाशी आले तेव्हा बाई आधीच तिथे होत्या. एका हातात टर्पेंटाईनची बाटली, दुसऱ्यात फडकं. पत्र्यावरचं आकाश निळंशार झालं होतं. घारी गेल्या होत्या. कोपऱ्यात पापण्यांचे लांब केस असलेला एक हसरा सूर्य बसला होता. खाली माणसांच्या तोंडाला फडकी तशीच, आणि पत्र्यामागे वरण.

शिडीवरचा रंगारी गयावया करत होता. "ऊपर से ऑर्डर था, मॅडमजी. डिब्बा भी नीला ही दिया."

"तुला कोण बोलतंय? खाली उतर आणि चहा पी," बाई ओरडल्या आणि सुधन्वाकडे वळल्या. "पेंढारकर! त्या भाटियाने तुम्हाला विचारलं होतं?"

"हो."

"तुम्ही काय म्हणालात?"

सुधन्वाने सांगितलं.

"उचित?" बाईंचा आवाज एकदम खाली आला, आणि हे कबुतरं उडण्यापेक्षा भयंकर होतं. "गवत रंगवणाऱ्यांना निदान हुकूम होता हो. तुम्हाला तर विचारलं होतं! विचारलेलं असताना तुम्ही पोरीचं आकाश देऊन टाकलंत?"

सुधन्वाच्या अंगात संताप असा उसळला की त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपणहून साहेबाला फोन लावला, तोही रविवारी. आणि तो ओरडला. नऊ वर्षांच्या मुलीच्या चित्रावर रंग फासता, लाज नाही वाटत, हवा साफ करता येत नाही तर चित्र साफ करता! मराठीत सुरुवात झाली, हिंदीत शेवट झाला. स्टॉपवरच्या दोन माणसांनी आलेली बस सोडून दिली.

भाटियासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग खरोखर गोंधळून ते म्हणाले, "लेकिन पेंढारकरजी, मैंने तो पूछा था. आप मना कर देते तो मैं रोक देता."

सुधन्वाच्या संतापाला आता जायला जागाच उरली नाही. फोन खाली आला.

बाईंनी फडकं भिजवून गिरिजाच्या हातात दिलं. "हात तुझाच लागला पाहिजे. पूस तो निळा."

गिरिजाने दात आवळून पुसलं. सूर्य गेला, निळा गेला, पण त्याच्याबरोबर खालचा पिवळाही निघून आला. घासावं तसा नुसता पांढरा पत्रा उघडा पडत गेला. बाईंनी ते बघितलं. त्यांनी पिशवीतून ब्रश काढला.

"पुन्हा काढ बाळा. मी इथे उभी राहते. बघतेच कोण येतो ते."

"नाही काढायचं मला."

"गिरिजा," सुधन्वा म्हणाला, "सॉरी ना. या वेळी मी नक्की..."

"यार बाबा, तू टाळ्या घेतल्या होत्यास!" गिरिजाने फडकं त्याच्या बुटांवर फेकलं. "मोठ्यांना सगळं येतं ना? मग मोठेच काढा."

सुधन्वाने ब्रशकडे पाहिलं आणि सवयीने हात पाठीमागे बांधले.

पाहुण्यांच्या गाड्या दुसऱ्याच रस्त्याने गेल्या. आकाश नसलेला पत्रा बाईंनी कुणाला उतरवू दिला नाही. सध्या त्यावर पेइंग गेस्टची जाहिरात चिकटवलेली आहे. वर्ग अजून भरतो.

गिरिजा रविवारी स्केटिंगला जाते.