रिकाम्या सेलवर फिरलेला पंखा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. घरात अंगारे-धुपाऱ्यांचा विषय निघाला की मी चहा ठेवायला उठते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय…

मी फ्युएल सेलवर काम करते. हायड्रोजन आणि हवा यांच्यापासून वीज. पण आत प्लॅटिनमचा थर नसेल तर ती होतच नाही. प्लॅटिनम महाग, म्हणून आम्ही त्यात कोबाल्ट मिसळून मिश्रधातू करतो. आमचा मेला कोबाल्ट दर वेळी विरघळून जायचा.

माझे सासरे, अप्पा, एसटीत मेकॅनिक होते. खोपटला डेपोच्या मागेच आमचं घर. "सूनबाई, तुझी हवेवरची बस कधी सुटणार?" हे रोजचं चिडवणं. यंदा ते अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी काय ते स्पष्ट सांगितलं. नेमका तेव्हाच आमचा एक मिश्रधातू टिकला. अप्पांनी तो चालताना बघायला हवा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

रविवारी दुपारी लॅबमधून सेल, हायड्रोजनची छोटी डबी आणि खेळण्यातला पंखा घेऊन आले. अप्पांना उशीला टेकवून बसवलं, नळी जोडली. पंखा फिरला… मस्त फिरला. अप्पांनी गाल पुढे करून वारा घेतला.

"आवाज नाही गं अजिबात," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बंद कर आता. गॅस उगाच जायला नको."

सोमवारी लॅबमध्ये माझा सहकारी संकेत म्हणाला, "मॅडम, तुमचा सेल तर इथे खणातच आहे. तुम्ही ब्लँक नेलेला."

ब्लँक म्हणजे तुलनेसाठी केलेला सेल. बाहेरून हुबेहूब तसाच, पण आत धातूचा कणही नाही. मी त्याला पुन्हा हायड्रोजन दिला — पंखा हलला नाही. उघडून तपासला — नुसता कार्बन.

संध्याकाळी अप्पांना सांगितलं. वाटलं, हिरमुसतील. ते खोकला येईपर्यंत हसले.

"रिकामा असून पळाला? मग धातू घातल्यावर काय करेल गं."

"उद्या खरा आणते, अप्पा."

"कशाला? मी बघितला की."

त्याच आठवड्यात अप्पा गेले. तो पंखा कशावर फिरला, हे मला आजही सांगता येत नाही. पण कोणी विचारलं तर मी बिनदिक्कत सांगते, आमच्या अप्पांनी माझा सेल चालताना बघितला.