बुजगावण्याला जेवायचं बोलावणं

शाळेत असताना मला चष्मा होता. लग्नाचं बघायला लागले तेव्हा आईने तो काढून ठेवला. "चष्मेवाली पोरगी कोण करून घेईल?" म्हणाली. मी मान खाली घालून पाहुण्यांसमोर बसले आणि पसंत पडले. जवळचं मला नीट दिसायचं. दहा पावलांपलीकडचं सगळं धुरकट. पिंगळीहून चारठाण्याकडच्या एका खेड्यात नांदायला आले, चष्मा माहेरीच राहिला.

दोन महिन्यांत मी गर्विष्ठ ठरले. ओट्यावरच्या बायांना ओळख द्यायची नाही, कारण मला नुसते लुगड्यांचे रंग दिसायचे. सासूबाई लांबून हाताने बोलवायच्या, मी तशीच पुढे जायची. "लय तोरा हाय तिला," असं त्या शेजारणीला सांगताना मी कानांनी ऐकलं. तरी खरं सांगायला जीभ रेटेना. परत पाठवलं तर?

ज्वारी हुरड्याला आली होती. एका दुपारी सासऱ्यांची भाकर घेऊन मी शेतात गेले. पिकात रुमाल बांधून ते उभे होते. मी बांधावरच थांबून पदर ओढून घेतला.

"मामा, भाकर आणली. जेवून घ्या."

ते हलले नाहीत. सासूबाईंनी काही सांगितलं असेल, म्हणून रागावलेत, असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं काही चुकलं असलं तर पदरात घ्या, मामा," मी म्हणाले.

तेवढ्यात पाठीमागून, विहिरीकडून आवाज आला, "सूनबाई, कुणाशी बोलायलीस? ते बुजगावणं हाय."

मी बांधावर मटकन बसले. सासरे जवळ आले. हसले नाहीत.

"त्या तिकडं काय दिसायलंय तुला?"

"म्हैस."

"बाभळ हाय ती."

मग मी सगळं सांगून टाकलं. चष्मा, आईचं बोलणं, सगळं. ते म्हणाले, "आमाला वाटलं, पोरीला आमची तोंडं बघवंनात. दिसतच न्हाईत व्हय!" मग मात्र ते डोळ्याला पाणी येईस्तोवर हसले आणि त्यांच्याबरोबर मीही.

घरी सासूबाई आधी माझ्या आईबापावर खवळल्या. "फसवलं म्हणायचं हे!" भांडी आदळत राहिल्या. चहा झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या. "पयल्याच दिवशी सांगायचं न्हाई का गं? मी उगं गावभर बोलत सुटले."

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत त्या आठवड्यात एसट्या बंद होत्या. सुरू झाल्या तशी आमच्या मालकांबरोबर परभणीला गेले. डॉक्टरांनी भिंगं बदलत बदलत पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. शेवटची ओळ वाचली तेव्हा मालकच मोठ्याने "वा!" म्हणाले. चष्मा घालून स्टँडवर आले, तर समोरच्या लिंबाला पानं होती, सुटी सुटी. लांबच्या गाडीची जिंतूरची पाटी मीच आधी वाचली.

घरी पोचले तेव्हा सासूबाई अंगणाच्या पार त्या टोकाला धान्य पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली आणि ओठ दाबून हसल्या. ते हसू मला दारातून दिसलं. मी जाऊन त्यांच्यासमोर दुसरं सूप घेऊन बसले.