वीज काढलेल्या मशीननं मारलेली मोसंबी

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणाऱ्यांपैकी मी. माझा विश्वास एकाच गोष्टीवर — काहीही बिघडलं की त्याला कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते कारण मीच असतो. माझं कामच तसं आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात कर्नेल नावाचा भाग असतो. प्रोसेसर कधी किती वेगानं पळवायचा आणि त्या वेगाला किती व्होल्टेज द्यायचं, याचा कर्नेलमधला कोड मी लिहितो. कंपनी पुण्याची, मी घरून, म्हणजे पांढुर्ण्यातून काम करतो. शेजाऱ्यांना वाटतं मी इन्व्हर्टर दुरुस्त करतो. मीही आता नाही म्हणणं सोडलंय.

तर... गोटमारीचा दिवस. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधे पात्रात रोवलेला पळस आणि त्यावर झेंडा. जे गाव झेंडा तोडेल ते जिंकलं. तोवर दिवसभर दोन्हीकडून गोटे. खरेखुरे. डोकी फुटतात, डोळे जातात, माणसंही गेली आहेत. आणि दोन्ही गावांत सोयरिकी मात्र घट्ट! माझी वंदनाताई सावरगावात दिलेली. तिचे यजमान, आमचे गजूभाऊजी, सावरगावकडून पहिल्या फळीत. आदल्या वर्षी ते घरी आले तेव्हा त्यांचा कान अर्धा लोंबत होता. ताई तो पदरानं दाबून रडत होती आणि हे तिला सांगत होते, "नेम चुकला त्याचा. डोळ्यावर होता."

म्हणून यंदा ताईचा फोन आला.

"बाल्या, यायनं पोराची शपथ खाल्ली, जात नाही म्हणून. पण मले भरोसा नाही. तू सौसरले जाय अन् दिवसभर यायले त्या मशीनपाशी बसवून ठेव."

"मी कसा बसवू? ते माह्या दुप्पट आहेत."

"तू कम्प्युटरचं बोलत राय. माणूस आपोआप सुन्न पडते."

मशीन म्हणजे भाऊजींच्या शेडमधली ग्रेडिंगची मशीन. शेड सौसरच्या बाहेर, रामाकोन्याच्या रस्त्याला. पट्ट्यावरून संत्री-मोसंबी येतात, झाकणाखालचा कॅमेरा त्यांना बघतो, डब्यातला छोटा कॉम्प्युटर लहान-मोठं ठरवतो आणि हवेच्या दाबावरची फळी फटका मारून फळ ज्या-त्या खोक्यात ढकलते. टिनाखाली तो कॉम्प्युटर तापायचा, तापला की आपणच मंदावायचा, आणि निर्णय होईपर्यंत मोसंबी पुढे निघून गेलेली असायची. मी शहाणपणा केला. कमी तापावा म्हणून प्रत्येक वेगाचं व्होल्टेज थोडं खाली आणलं. वर एक घोडचूक... वेग वाढवताना आधी व्होल्टेज चढवायचं असतं, मग वेग. बैलाला आधी ढेप, मग औत. मी उलटं लिहिलं. आधी पळ, मग खा! अशा उपाशी क्षणी प्रोसेसर वाट्टेल ते आकडे काढतो. आणि ही चूक करणारा माणूस त्याच कामाचा पगार घेतो.

पोळ्याची कर, म्हणजे दुसरा दिवस असल्यामुळे मजूर सुट्टीवर होते. शेडमध्ये आम्ही दोघंच. मी पट्टा सुरू केला, मोसंबी सोडल्या, प्रोसेसरवर व्याख्यानही सुरू केलं. भाऊजी काही सुन्न पडेनात. मोबाइलवर नदीचं थेट चित्रण बघत होते. ढोल, आरोळ्या, आणि कपाळ फुटलेला एक माणूस, रक्त दाढीतून छातीवर ठिबकतंय, तरी तो खाली वाकून पुढचा गोटा उचलतोय.

"झुक ना बे! झुक!" भाऊजी स्क्रीनवर ओरडले. मग उठले. "पेट्रोल टाकून येतो."

"कालच तर टाकी फुल केली तुम्ही."

"मंग हवा पाहून येतो."

ते दाराकडे दोन पावलं गेले असतील... फाट्! एक मोसंबी त्यांच्या शिवलेल्या कानाजवळून सुसाट गेली आणि चौकटीवर फुटली. ती फळी फळाला हातभर ढकलते हो! इथून दारापर्यंत बैलगाडी उभी राहील.

"बाल्या!"

"मी नाही मारली, आईशप्पथ!"

"पांढुर्ण्याचाच ना बे तू. आतापासूनच सुरू?"

मी ऐटीत म्हणालो, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम दिसतो."

"तुझं वोल्टेज मलेच काहून पाहून राहिलं मंग?"

त्यांनी पाठीला खोक्याचा पुठ्ठा लावला आणि पुन्हा निघाले. या खेपेला एकामागून एक सुटल्या. एक मांडीवर, एक पुठ्ठा फाडून पाठीवर. भाऊजी कळवळले. सगळीकडे रस, साली, बिया. तिसरी मी मधे पडलो म्हणून माझ्या तोंडावर बसली आणि समोरच्या दाताची टोपी घशात गेली. भाऊजी मागे सरून खुर्चीत बसले, की मशीन पुन्हा गरीब गाय.

रक्त थुंकत मी कोड उघडला तेव्हा ती उलटी ओळ सापडली. खरं सांगतो, आनंद झाला. कारण मिळालं, आणि कारण मीच होतो! सगळं जुनं होतं तसं करून टाकलं. पट्टाही बंद केला. "जा आता दारापर्यंत, बघू," मी म्हणालो.

ते गेले. थांबलेल्या पट्ट्यावरची मोसंबी त्यांच्या बरगडीत अशी बसली, की त्यांचा श्वासच अडकला.

कॅमेरा झाकणाखाली, तोंड खाली. त्याला दार दिसतच नाही. भाऊजी कुठे निघालेत हे त्या डब्याला कळणार कसं? मी मेन स्विच पाडला, वायर हातानं उपटली. कॉम्प्रेसरची हवा सोडून दिली. सूं करत टाकी रिकामी झाली, काटा शून्यावर आला. पंखा थांबला. शेडमध्ये फक्त भाऊजींच्या मोबाइलमधले ढोल.

"मेली तुझी मशीन," भाऊजी म्हणाले. "आता मी चाललो. ताईले सांग, झोपले म्हणून."

"भाऊजी, पोराची शपथ खाल्ली ना तुम्ही?"

"झेंडा पाहून येतो फक्त. गोटा उचलत नाही."

मी हात धरला, त्यांनी झटकला. दारात उकिडवे बसून ते बुटाची नाडी बांधू लागले, डोकं पार गुडघ्याशी. मी मशीनकडे बघत होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलंय... वीज नाही, हवा नाही, आणि फळी हलली. एकच मोसंबी सुटली आणि भाऊजींच्या मानेवर फाडकन आदळली.

"तुझ्या मायची—" म्हणत ते ताडकन उभे राहिले आणि त्याच क्षणी, वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. भाऊजी दारात कोसळले. गुडघ्याखाली पँट फाटलेली आणि फाटक्यातून पांढरं हाड बाहेर आलेलं. मी बाहेर धावलो. फाटक बंद. पुढे कपाशीचं वावर. चिटपाखरू नाही.

सौसरच्या दवाखान्यात डॉक्टर आमच्यावरच वैतागले. "गोटमारीतले पेशंट पांढुर्ण्यातच दाखवत जा ना भाऊ."

"आम्ही सकाळपासून इथंच आहो, साहेब. मोसंबी लागली."

"मोसंबी?" त्यांनी जखमेतून चिमट्यानं एक तुकडा काढून माझ्यासमोर धरला. काळ्या दगडाची कपची, एका अंगानं गुळगुळीत. नदीतल्या गोट्याची असते तशी. वर ओली रेती. "हे तुमच्याकडे मोसंबीत निघते काय?"

तो गोटा मी नंतर शेडमध्ये, अंगणात, वावरात शोधला. नाही सापडला. कमी व्होल्टेजवर प्रोसेसर वेडा होतो, हे मी कोणालाही पटवून देईन. पण वीजच नसलेल्या मशीनला वेडी तरी कसं म्हणू? आणि नदी पांढुर्ण्यात, आम्ही सौसरला, मधे आख्खं जामसांवली गाव आणि कित्येक किलोमीटरचा रस्ता.

संध्याकाळी ताई आली. आधी मला झापलं. "बसवून ठेव म्हटलं होतं, पाय मोडून ठेव नाही!" पण माझी हकिकत ऐकल्यावर तिनं नाडीची गोष्ट मला पुन्हा सांगायला लावली.

भाऊजी गुंगीत होते. हळूच विचारलं, "बाल्या... कोन्या बाजूनं आला बे?"

"मशीन तुमच्या मागं होती, भाऊजी. गोटा समोरून आला."

ताई खाटेशेजारी उकिडवी बसली आणि भाऊजी दारात नाडी बांधताना वाकले होते तशी खाली वाकली. तिचं कपाळ भाऊजींच्या पायावरच्या पट्टीच्या बरोबर समोर आलं. भाऊजी तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या मोबाइलमध्ये झेंडा कोणी तोडला यावर चाललेला कल्ला त्यांनीच हात लांबवून बंद केला.